रजेवर घरी आलेला संशोधक : धर्मानंद कोसंबी

आपल्या समाजातील घरांतून हल्ली गणपती-दिवाळी जवळ आली की एकच विषय निघतो. मुलगी पुण्याला, बंगळुरूला नाहीतर थेट जर्मनीत पीएच.डी. करते आहे, आणि गाइड सुट्टी देत नाही. मिळाली तरी चार दिवस, आणि त्यातही लॅपटॉप उघडाच. त्यात आता घरे पूर्वीसारखी एकाच वळणाची राहिलेली नाहीत. कोणाची सून ख्रिस्ती आहे, कोणाचा जावई जैन, कोणाचा मुलगा काहीच मानत नाही. मग दिवाळीला यायचे की नाताळला, पर्युषणात पाहुणे असले तर स्वयंपाक कसा करायचा, आणि या सगळ्यात प्रबंधाचे प्रकरण केव्हा पुरे व्हायचे, अशी ओढाताण चालते. म्हातारी माणसे म्हणतात, आमच्या वेळी असले काही नव्हते.

हे म्हणणे आम्हाला पटत नाही. म्हणून या वेळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी संशोधकाचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही ठरवले. धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी बुद्धचरित्राचे लेखक म्हणून ऐकलेले असते. त्यांची विद्वत्ता जगाने पाहिली. आम्हाला मात्र त्यांच्या चरित्रातला घराचा हिशोब अधिक विचार करायला लावतो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. तब्येत नाजूक, शाळा अर्धवट, माडांच्या बागायतीवर देखरेख करण्यात दिवस जायचे. पंधराव्या वर्षाच्या सुमारास चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी लग्न झाले. अशा मुलाच्या हाती 'बालबोध' मासिकाचा एक अंक पडला, त्यात बुद्धाविषयी लेख होता. पुढे गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र वाचायला मिळाले. बस्स, एवढेच. आजूबाजूला एकही बौद्ध माणूस नाही, पालीचे नावही कोणाला माहीत नाही, आणि या तरुणाच्या मनाने घेतले की बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा.

१८९९ साली पहिली मुलगी झाली, माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस, तान्ह्या मुलीला आणि बायकोला सोडून, तेवीस वर्षांचे धर्मानंद घराबाहेर पडले.

चरित्रे लिहिणारे इथे सिद्धार्थ आणि यशोधरा यांची आठवण काढतात. आम्ही काढणार नाही. सिद्धार्थाच्या मागे राजवाडा होता. बाळाबाईंच्या मागे उत्पन्न बेताचे असलेली बागायत आणि नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून बघणारे गाव होते.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे संस्कृतची वाट विचारून, मग ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोचले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ च्या सुरुवातीला नेपाळात गेले, तिथे बुद्धाचा धर्म दिसेल या आशेने, आणि निराश होऊन परतले. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि त्याच वर्षी सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पालीचा अभ्यास सुरू झाला आणि ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्षू झाले. आजच्या भाषेत बोलायचे तर हे त्यांचे पोस्ट-ग्रॅज्युएशन होते. फक्त ग्रॅज्युएशन झालेले नव्हते, फेलोशिप नव्हती आणि सुट्टीही नव्हती. सात वर्षे घराचे दर्शन नाही.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरवले. शिकलेले लोकांना शिकवायचे तर भिक्षूच्या नियमांत राहून ते होईना. कलकत्त्यात राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ जोरात होती, तिथल्या नॅशनल कॉलेजात आणि कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याची सोय झाली. हाती पगार आला आणि त्याच वर्षी ते गोव्याला घरी गेले.

या एका सुट्टीबद्दल आम्हाला फार कुतूहल आहे. सात वर्षांनी परतलेला माणूस हिंदू घरात बौद्ध होऊन आला होता. समुद्र ओलांडून आलेला, जात सोडून अन्न घेतलेला, संन्यास घेऊन तो टाकलेला. त्या काळच्या गोव्यात यातली एकेक गोष्ट वाळीत टाकायला पुरेशी होती. घरात सात वर्षांची मुलगी, जिने बाप पाहिला नव्हता असेच म्हणायचे. आणि बाळाबाई. त्यांनी नवऱ्याला परत घरात घेतले आणि त्याच्याबरोबर कलकत्त्यालाही गेल्या. बौद्ध होणे-न होणे हा त्या घरात दाराची कडी लावण्याचा विषय झाला नाही, ही गोष्ट आम्हाला धर्मानंदांच्या पांडित्याइतकीच मोठी वाटते, आणि तिचे श्रेय बाळाबाईंना द्यायला हवे.

बाळाबाई पुन्हा गोव्याला परतल्या आणि ३१ जुलै १९०७ रोजी कोसबें येथे मुलगा झाला. धर्मानंदांच्या वडिलांचे नाव दामोदर, तेच नातवाला लागले. बाप त्रिपिटकाचा अभ्यासक आणि मुलाचे नाव कृष्णाचे. घरातले प्रश्न असेच सुटत असतात, ग्रंथ उघडून नव्हे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. आमची नोकरी बँकेत गेली, त्यामुळे आकड्यांकडे आमचे लक्ष आधी जाते. कलकत्त्याला चांगल्या पगाराची जागा होती आणि विद्यापीठात मान होता. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले आणि ५० रुपये पत्करले. मराठी माणसांना बुद्धाचा धर्म मराठीत सांगायचा तर महाराष्ट्रातच राहिले पाहिजे, हा त्यामागचा विचार. आपण आयुष्यभर बदली-बढतीचे गणित मांडले, त्यांना हा व्यवहार सहज समजणार नाही. पण घरच्यांच्या बाजूने पाहिले तर मुंबई-पुणे हे कलकत्त्याहून गोव्याला जवळ होते, हाही फायदा होताच. त्यांनी तो हिशोबात धरला की नाही ते अलाहिदा.

याच वर्षांत भांडारकरांच्या मदतीने मुंबई विद्यापीठात पाली हा विषय सुरू करण्याची त्यांनी खटपट केली आणि ती यशस्वी झाली. भारतात आलेले हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी ओळख झाली. वुड्सना पाली शिकायचे होते, आणि हार्वर्डला एक अडलेले काम पुरे करणारा माणूस हवा होता.

ते काम म्हणजे 'विसुद्धिमग्ग'. पाचव्या शतकात बुद्धघोष नावाच्या आचार्यांनी सिंहलद्वीपात बसून लिहिलेला हा पाली ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा अशा तीन पायऱ्यांनी चित्तशुद्धीचा मार्ग सांगणारी त्याची २३ प्रकरणे आहेत. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखिते जुळवून त्याची रोमन लिपीत आवृत्ती तयार करायला घेतली होती. वॉरन आयुष्यभर आजारी माणूस, १८९९ मध्ये वारला. म्हणजे ज्या वर्षी धर्मानंदांनी घर सोडले त्याच वर्षी. काम अर्धे राहिले आणि हार्वर्डच्या प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्या ताब्यात आले. ते तपासून, पाठभेद नक्की करून छापण्याजोगे करायला १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले. ज्याला गोव्यात धड शाळा मिळाली नव्हती, तो आता केंब्रिज गावात हार्वर्डच्या ग्रंथालयात बसून काम करत होता.

जवळजवळ दोन वर्षे काम चालले आणि मग लॅनमन यांच्याशी बिनसले. ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव घालायचे, श्रेय कसे वाटायचे, यावरून वाद झाला. धर्मानंद काम तसेच टाकून १९१२ च्या सुरुवातीला परतले. गाइडशी वाद होऊन प्रबंध अडकलेल्या आपल्या मुलामुलींना हे वाचून थोडा दिलासा मिळावा. गाइडचा त्रास काही आजचा नाही.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. कोसंबींच्या घराला घरपण असलेला हाच सर्वांत सलग काळ म्हटला पाहिजे. दामोदर पुण्यात शाळेत जाऊ लागला. धाकट्या दोन मुली, मनोरमा आणि कमला. बापाचे जाणे-येणे प्रार्थना समाजाकडे, शिकवणे पाली, निष्ठा बुद्धावर, आणि घर मात्र गोव्याच्या सारस्वत सुनेने चालवलेले. इथेच त्यांच्या हाताखाली चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत, पु. वि. बापट हे पुढे नावाजलेले पाली पंडित तयार झाले. 'बुद्धलीलासारसंग्रह' हे सोपे आणि गोड पुस्तकही याच काळातले, १९१४ चे. आमच्या मते त्यांची मराठी इथे सर्वांत सरळ आहे. शेजारी मुले खेळत असताना लिहिलेली वाटावी अशी.

पण 'विसुद्धिमग्ग' अपुराच होता आणि हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले. या वेळी धर्मानंदांनी वेगळा निर्णय घेतला. १९१८ मध्ये त्यांनी माणिक आणि दामोदर या दोघांना बरोबर नेले. माणिक एकोणीस वर्षांची, दामोदर अकरा वर्षांचा. ज्या मुलीला तान्ही असताना सोडून ते निघाले होते, तिला ते आता जगाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले आणि रॅडक्लिफ कॉलेजात शिकवले. दामोदर केंब्रिजच्या शाळेत गेला. पहिले महायुद्ध संपत आलेले, आपल्याकडे मुली चौथी-पाचवीतून काढून घेण्याचे दिवस, आणि हा बौद्ध पंडित मुलीला पदवीपर्यंत शिकवायला अमेरिकेत नेतो. जुने कर्ज त्यांनी असे फेडले असे कोणी म्हणाले तर आम्ही नाही म्हणणार नाही.

मात्र हिशोब पुरा मांडायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. बाळाबाई दोन लहान मुलींना घेऊन इकडेच राहिल्या. चार वर्षे नवरा नाही, थोरली मुलगी नाही, एकुलता मुलगा नाही. पत्र यायला आठवडे लागत. त्या चार वर्षांत किती गणपती, किती दिवाळ्या गेल्या ते वाचकांनी बोटांवर मोजावे. आज व्हिडिओ कॉलवर आरती दाखवताना नेटवर्क गेले तरी आपण हळहळतो.

१९२२ मध्ये धर्मानंद परतले. लॅनमन यांच्याशी पुन्हा मतभेद झालेच होते, ग्रंथ छापला गेलाच नव्हता. धर्मानंद आता गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात, अहमदाबादला गेले. तिथे पंडित सुखलालजी, मुनी जिनविजयजी अशा जैन विद्वानांचा सहवास लाभला. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. स्वतःबद्दल इतके कोरडेपणाने लिहिणारा माणूस मराठीत विरळा. पण बाळाबाईंना त्यात मिळालेली जागा आम्हाला फार थोडी वाटली, हेही सांगून टाकतो.

पुढचा प्रवास झटपट सांगतो. १९२६ मध्ये तिसऱ्यांदा हार्वर्ड, दामोदर पुन्हा बरोबर. तो १९२९ मध्ये तिथला पदवीधर होऊन परतला. त्याच वर्षी धर्मानंद लेनिनग्राडला बौद्ध विद्येच्या कामासाठी जाऊन आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, पकडले गेले. १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा आणि शेवटचे हार्वर्ड. या खेपेला काम हातावेगळे करूनच ते परतले. एका ग्रंथासाठी चार वेळा समुद्र ओलांडला, आणि पहिल्या खेपेपासून शेवटच्या खेपेपर्यंत बावीस वर्षे गेली. परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला, तेव्हा विद्यापीठातला बौद्ध धर्म चाळीतल्या माणसांपर्यंत गेला. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ त्यानंतरचा.

त्यांच्या शेवटाविषयी खातेगांव-नेमावरकडच्या वाचकांना फारसे समजावून सांगायला नको. नर्मदेच्या काठी सिद्धनाथाच्या मंदिराबरोबरच सिद्धोदय तीर्थही आपण पाहतो. जैन शेजाऱ्यांच्या घरी कोणी वयोवृद्धाने सल्लेखना घेतल्याचे आपल्या कानावर आलेले असते. धर्मानंदांचे जैन समाजाशी नाते सरळ नव्हते. प्राचीन काळी श्रमणांच्या आहारात मांस होते असे त्यांनी अभ्यासाने लिहिले, त्यावरून जैन मंडळी अतिशय नाराज झाली, मोठे वादळ उठले. आपले म्हणणे त्यांनी मागे घेतले नाही. आणि हाच माणूस उतारवयात पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माकडे ओढला गेला. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, ते मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

शरीर थकले, आता आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, उगाच सेवा कशाला घ्यायची, असे त्यांना वाटू लागले. १९४६ मध्ये त्यांनी अन्न सोडले, तेव्हा गांधीजींनी आग्रह करून ते थांबवायला लावले. पण विचार गेला नाही. अखेर सेवाग्राम आश्रमात महिनाभराच्या उपोषणानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. गांधीजींनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनासभेत त्यांच्याबद्दल सांगितले. हिंदू घरात जन्म, बुद्धाच्या धर्मात आयुष्य, आणि जाणे जैन रीतीने. आमच्या पिढीला यात घोटाळा दिसतो. त्यांना दिसला नसावा.

या मार्गाने जाण्याचा निर्णय बरोबर की चूक, यावर आमच्या मंडळात दोन तट आहेत आणि ते तसेच राहोत. आमच्यापुरते सांगायचे तर आम्हाला तो निर्णय कठोर वाटतो. १८९९ चे घर सोडणेही कठोरच वाटते. एकदा ठरवले की मागे वळून पाहायचे नाही, हा स्वभाव ज्ञानाला लाभला, पण त्याचा हप्ता कोणी भरला हे विसरता येत नाही. त्याच वेळी हेही खरे की १९०६ मध्ये हा माणूस परत आला. येणे त्याला अवघड होते, न येणे सोपे होते. सुट्टी संपवून पुन्हा गेला, पण पुढच्या मोठ्या खेपेला मुलांना घेऊन गेला. आपल्या मुलांच्या रजेचे दिवस मोजताना आम्हाला हे आठवते. बँकेत असताना एलएफसी घेऊन आम्ही कुटुंबाला दक्षिण दाखवून आणली, त्यात अर्धा वेळ शाखेतून येणारे फोन घेण्यात गेला. तेव्हा घरी बसून काम करणाऱ्या मुलावर रागावण्याचा आमचा हक्क तसा कमीच.

'विसुद्धिमग्ग' अखेर १९५० मध्ये हार्वर्ड ओरिएंटल सीरीजचा ४१ वा खंड म्हणून छापून आला. वॉरन यांचे संपादन आणि धर्मानंद कोसंबी यांनी केलेले संशोधन, अशी दोन्ही नावे त्यावर आहेत. ते पाहायला दोघेही नव्हते. देवनागरी आवृत्ती मात्र धर्मानंदांनी १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाकडून स्वतःच काढली होती.

दामोदर, म्हणजे डी. डी. कोसंबी, गणिती झाले आणि विचाराने मार्क्सवादी. देव न मानणाऱ्या या मुलाने पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि रस्ते पायी तुडवून शेंदूर फासलेल्या म्हसोबा-मावलायांचा, जत्रांचा आणि वाटांचा अभ्यास केला, आणि त्यातून भारताचा इतिहास लिहिण्याची नवी रीत घालून दिली. त्यांची मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाली. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई अशा स्त्रियांच्या आयुष्यांवर तिने वर्षानुवर्षे काम केले, आणि आजोबांचे 'निवेदन' इंग्रजीत आणले ते तिनेच. बाळाबाईंची नात.